खडा पडद्याबाहेर पळतो तेव्हा: आरआयआरएस आणि व्हेंटिलेटरची सेटिंग, एक प्रकरण

हे प्रकरण कोणा एका रुग्णाचं नाही. आरआयआरएस म्हणजे लघवीच्या मार्गाने लवचिक स्कोप किडनीत नेऊन लेझरने खडा फोडण्याची शस्त्रक्रिया. तिच्या टेबलावर वारंवार घडणाऱ्या गोष्टी इथे एका रुग्णात गोळा केल्या आहेत आणि आकडे एकमेकांशी जुळतील असे घेतले आहेत. भूलशास्त्राचे निवासी डॉक्टर, ओटी टेक्निशियन आणि युरोलॉजिस्ट यांच्यासाठी हा मजकूर आहे.

रुग्ण आणि सुरुवात

पुरुष, वय ४६, उंची १७० सेंमी, वजन ८२ किलो. भट्टीशेजारचं काम, पाणी कमी. डाव्या किडनीच्या खालच्या कॅलिक्समध्ये (लघवी गोळा होणाऱ्या कप्प्यात) १४ मिमीचा खडा, सीटीवर घनता ११५० हाउन्सफील्ड युनिट, म्हणजे चांगलाच टणक. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ. क्रिएटिनिन १.१, पोटॅशियम ४.२, लघवीच्या कल्चरमध्ये जंतू नाहीत. दोन आठवड्यांपूर्वी डीजे स्टेंट (किडनी ते मूत्राशय अशी बारीक नळी) घातलेला.

वेदनेसाठी फेंटानिल, झोपेसाठी प्रोपोफॉल, स्नायू शिथिल करायला अ‍ॅट्राक्युरियम ४० मिग्रॅ, श्वासनलिकेत ८ नंबरची ट्यूब, भूलीचा वायू सेव्होफ्लुरेन. व्हेंटिलेटर व्हॉल्यूम कंट्रोलवर: टायडल व्हॉल्यूम (एका श्वासाची हवा) ५०० मिली, रेट (मिनिटाचे श्वास) १२, आयई (श्वास आत जाण्याच्या आणि बाहेर येण्याच्या वेळेचं प्रमाण) १:२, पीप (श्वास सुटल्यावरही छातीत राखलेला दाब) ५, ऑक्सिजन ४० टक्के. प्लॅटो प्रेशर (श्वास भरल्यावर छातीतला दाब) १५ सेंमी पाणी, ईटीसीओटू (सुटणाऱ्या श्वासाच्या शेवटी मोजलेला कार्बन डायऑक्साइड) ३६. कोणीही बोट ठेवू नये अशी सेटिंग.

५०० हा आकडा वजनावरून काढलेला नाही, उंचीवरून काढला आहे. पुरुषाच्या सेंमीमधल्या उंचीतून १५२.४ वजा करायचे, उरलेल्याला ०.९१ ने गुणायचं आणि त्यात ५० मिळवायचे. इथे उत्तर ६६ किलो येतं, हे उंचीनुसारचं वजन. म्हणजे ५०० मिली हे किलोला साधारण ७.५ झाले. पुढे टायडल व्हॉल्यूम कमी करायची वेळ येते तेव्हा हाच ६६ चा आकडा उपयोगी पडतो. ८२ ला ४ ने गुणून "किलोला ४ दिले" असं म्हणणारा प्रत्यक्षात ५ देत असतो. हिशेब मात्र ४ चा सांगतो.

युरोलॉजिस्टने ११/१३ फ्रेंचचं, ४५ सेंमी लांबीचं अ‍ॅक्सेस शीथ (स्कोपसाठीची वाटेची नळी) घातलं, त्यातून स्कोप आत नेला, खालच्या कॅलिक्सकडे वळवला आणि २०० मायक्रॉनचा फायबर पुढे काढला. होल्मियम लेझर ०.५ जूल, २० हर्ट्झ, म्हणजे १० वॅट. डस्टिंग, म्हणजे खड्याची भुकटी करणं, सुरू झालं. चौथ्या मिनिटाला युरोलॉजिस्टकडून भूलतज्ज्ञाला अपेक्षित वाक्य आलं: "मॅडम, खडा फार हलतोय. व्हेंटिलेटर जरा थांबवता का?"

खडा का हलतो आणि किती

किडनी हाडाला बांधलेली नसते. चरबीच्या गादीत, सोअस स्नायूच्या उतारावर ती टेकलेली असते. श्वास आत जाताना श्वासपटल खाली येतं आणि किडनी त्याच्यासोबत खाली सरकते. शांत श्वासात साधारण १ ते २ सेंमी, खोल श्वासात ४ सेंमीपर्यंत. स्कोप मात्र खाली शीथमध्ये आणि सर्जनच्या हातात धरलेला असतो, त्यामुळे तो तेवढा हलत नाही. पडद्यावर जी हालचाल दिसते ती या दोघांतली तफावत.

खालच्या कॅलिक्समध्ये स्कोपचं टोक वळून खाली पाहत असतं. श्वास आत जाताना खडा साधारणपणे टोकापासून दूर जातो आणि श्वास सुटताना परत फायबरवर येतो. वरच्या कॅलिक्समध्ये उलटं घडतं: श्वास आत जाताना खडा आणि त्यामागची भिंत टोकावर चालून येते. "हलतोय" हा शब्द दोन्हीकडे तोच असला, तरी धोक्याची वेळ वेगळी असते.

आता लेझरच्या बाजूने पाहू. रेट १२ म्हणजे एका श्वासाला ५ सेकंद. १:२ मध्ये श्वास आत जायला १.६७ सेकंद आणि बाहेर यायला ३.३३. २० हर्ट्झवर पायडल दाबून ठेवलं, तर फक्त आत जाणाऱ्या श्वासात ३३ पल्स सुटतात, आणि त्या वेळी समोर खडा असेलच याची खात्री नसते. होल्मियमचा परिणाम ऊतीत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच जातो. म्हणून लांबून गेलेला पल्स पाण्यात विरतो, टेकलेला पल्स मात्र म्युकोसा, म्हणजे आतलं अस्तर, जाळतो. रक्ताचा एक धागा सुटला की पडदा लाल होतो. मग सर्जन पाणी वाढवतो, किडनीच्या आतला दाब चढतो, आणि तो ३० मिमी मर्क्युरीच्या वर राहिला तर पाणी, आणि असतील तर जंतूही, शिरांमध्ये शिरू लागतात. तिसऱ्या तासाला रिकव्हरीत थंडी वाजून येणाऱ्या काही रुग्णांची गोष्ट ही अशी व्हेंटिलेटरपासून सुरू झालेली असू शकते.

पहिला बदल: ३०० गुणिले २०

व्हेंटिलेटर बंद न करता टायडल व्हॉल्यूम ३०० केला आणि रेट २०. हिशेब सरळ वाटला: ५०० × १२ म्हणजे ६ लिटर, ३०० × २० म्हणजेही ६ लिटर. मिनिट व्हेंटिलेशन तेवढंच राहिलं. पडद्यावर फरक लगेच दिसला. आधी प्रत्येक श्वासाला चौकटीबाहेर जाणारा खडा आता चौकटीतच झुलू लागला.

या हिशेबातली गफलत डेड स्पेसमध्ये आहे. प्रत्येक श्वासाचा एक हिस्सा नळ्यांमध्येच फिरून परत येतो, वायुकोशांपर्यंत पोहोचत नाही. या रुग्णात शरीराचा, ट्यूबच्या पुढच्या कॅथेटर माउंटचा (जोडनळीचा) आणि वाय-पीसला (मशीनच्या दोन नळ्या जुळतात तिथे) लावलेल्या मोठ्या एचएमई फिल्टरचा (ऊब आणि ओलावा राखणाऱ्या गाळणीचा) मिळून हा हिस्सा सुमारे १८० मिली धरू. टायडल व्हॉल्यूम कमी केला तरी हे १८० कमी होत नाहीत. म्हणून:

५०० × १२: (५०० − १८०) × १२ = ३८४० मिली दर मिनिटाला.
३०० × २०: (३०० − १८०) × २० = २४०० मिली दर मिनिटाला.

कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणारं व्हेंटिलेशन ३७ टक्क्यांनी घटलं, आणि मशीनच्या पडद्यावर मात्र ६ लिटरच. हे असंच चालू राहिलं असतं तर धमनीतला कार्बन डायऑक्साइड ४० वरून ६४ च्या आसपास जाऊन स्थिरावला असता. फक्त तो तिथे एका मिनिटात पोहोचत नाही. शरीरात त्याचा साठा मोठा असतो, त्यामुळे चढायला अर्धा तास आणि जास्तही लागतो. पहिल्या पाच मिनिटांत ईटीसीओटू फारसा हलत नाही आणि सगळे निर्धास्त होतात.

सेटिंग बदलून बारा मिनिटं झाली तेव्हा नाडी ७४ वरून ९२ वर गेली होती, रक्तदाब १२८/७८ वरून १५०/९० वर. ईटीसीओटू ४५. भूल हलकी झाली असं समजून सेव्होफ्लुरेन वाढवलं गेलं. हा निदानातला नेहमीचा घसरडा टप्पा आहे. नाडी वाढली, दाब वाढला, त्यामागे वेदना असेल, भूल हलकी असेल, कार्बन डायऑक्साइड असेल. ताप आणि पुढे घसरणारा दाब असेल तर सेप्सिसही. आधी व्हेंटिलेशन तपासायचं आणि नंतरच व्हेपोरायझरला (सेव्होफ्लुरेन देणाऱ्या उपकरणाला) हात लावायचा.

४५ हा आकडाही खरा नव्हता. टायडल व्हॉल्यूम लहान आणि रेट जास्त असला की कॅप्नोग्राफचा (श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या ग्राफचा) सपाट माथा नीट तयारच होत नाही आणि आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. धमनीचं रक्त न काढता अंदाज घ्यायचा एक उपाय आहे: लेझर स्टँडबायवर ठेवायला सांगून एकच मोठा, संथ श्वास द्यायचा आणि तो पूर्ण बाहेर येऊ द्यायचा. त्या एका श्वासाचा ईटीसीओटू धमनीच्या आकड्याच्या बराच जवळ जातो. इथे तो ५१ आला असता. पण ही तपासणी करायच्या आधीच पुढची गोष्ट घडली.

धक्का

दोन मिनिटांनी कॅप्नोग्राफच्या माथ्यावर एक खाच दिसली आणि जवळपास त्याच क्षणी किडनीला झटका बसला. अ‍ॅट्राक्युरियमचा आधीचा डोस होऊन अर्धा तास उलटला होता. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाला श्वासपटल अंगठ्यापेक्षा कमी दाद देतं, आणि नर्व्ह स्टिम्युलेटरने शिथिलता मोजतात ती अंगठ्यावर. अंगठा गप्प असतो आणि श्वासपटल जागं होतं. त्यात चढलेला कार्बन डायऑक्साइड मेंदूला "श्वास घे" म्हणून टोचत असतो. म्हणजे हालचाल कमी करण्यासाठी जी सेटिंग लावली, तिनेच सगळ्यात वाईट हालचाल घडवली. व्हेंटिलेटरची हालचाल लयीत असते, तिच्याशी सर्जनचा हात जुळवून घेतो. रुग्णाने स्वतः घेतलेली उचकी कोणालाच आधी कळत नाही.

फायबरचं टोक कॅलिक्सच्या भिंतीला लागलं, थोडा रक्तस्राव झाला, पडदा गुलाबी.

त्यानंतरचा क्रम असा: लेझर स्टँडबायवर. फायबर स्कोपच्या आत ओढून घेतला. सर्जनने पाण्याची पिशवी वर चढवली नाही, दाबून पाणीही मारलं नाही, शीथमधून बाहेर येणारी धार पाहत थांबला. या धीराचं श्रेय सर्जनला द्यायलाच हवं, कारण पडदा लाल असताना हात आपोआप पिशवीकडे जातो. अ‍ॅट्राक्युरियम १० मिग्रॅ दिलं आणि नर्व्ह स्टिम्युलेटर सुरूच ठेवला. व्हेंटिलेटर तेवढ्यापुरता जुन्या ५०० × १२ वर आणला. तीन मिनिटांत पाणी स्वच्छ झालं.

दुसरा बदल: आधी डेड स्पेस

पुन्हा लेझर सुरू करण्याआधी रेटच्या बटणाला हात न लावता सर्किटमध्ये बदल केला. कॅथेटर माउंट काढला. मोठा एचएमई काढून लहान डेड स्पेसचा फिल्टर बसवला. डेड स्पेस साधारण १४० वर आला. मग ३२० × २२:

(३२० − १४०) × २२ = ३९६० मिली.

सुरुवातीच्या ३८४० पेक्षाही थोडं जास्त, आणि टायडल व्हॉल्यूम किलोला ५ च्या आत. ४० मिलीच्या प्लास्टिकने एवढा फरक पडतो. ५०० च्या श्वासात ते ४० कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

रेट २२ म्हणजे एका श्वासाला २.७ सेकंद. १:२ मध्ये बाहेर यायला १.८ सेकंद मिळतात. या रुग्णाचा कम्प्लायन्स (छातीची लवचिकता) ५० (५०० मिलीला १० सेंमीचा फरक), ट्यूबसह रेझिस्टन्स (हवेला होणारा अडथळा) १० धरला तर टाइम कॉन्स्टंट (छाती रिकामी होण्याच्या वेगाचं माप, या दोघांचा गुणाकार) अर्धा सेकंद. त्याच्या तिप्पट, म्हणजे दीड सेकंदात छाती जवळपास रिकामी होते. १.८ पुरेसे आहेत, पण जेमतेम. फ्लोच्या ग्राफवर पुढचा श्वास सुरू होण्याआधी रेषा शून्याला टेकते का, ते पाहायलाच हवं. दमेकरी किंवा जुनी सीओपीडी असलेल्या रुग्णात ती टेकत नाही. हवा आत साचत जाते, रक्तदाब घसरतो आणि छाती फुगल्यामुळे किडनी खाली ढकललेलीच राहते.

पीप ५ वरून ७ केला, कारण लहान श्वासात फुफ्फुसाचा तळ बसतो. लिथोटॉमीत पाय वर असताना तर लवकरच. एसपीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९९ वरून ९६ वर आलेला होता, तो इथे थांबला.

एक सूचना जुन्या मशीनबद्दल. ज्या मशीनमध्ये फ्रेश गॅस (मशीनमध्ये सतत येणारा नवा वायू) वेगळा काढलेला नसतो, तिथे श्वास आत जाताना येणारा फ्रेश गॅस टायडल व्हॉल्यूममध्ये मिसळतो. २ लिटर फ्लोवर १.६७ सेकंदात ५६ मिली वाढतात, ०.९ सेकंदात ३० मिली. म्हणजे रेट बदलला की काहीही न करता टायडल व्हॉल्यूमही बदलतो. सेट केलेला आकडा पाहायचा नाही, एक्स्पायर्ड व्हॉल्यूम (प्रत्यक्ष बाहेर आलेली हवा) पाहायचा. वरचे सगळे आकडे एक्स्पायर्डचे आहेत.

या सेटिंगवर पंचवीस मिनिटं डस्टिंग झालं. ईटीसीओटू हळूहळू उतरत ४१ वर आला. नाडी ८० च्या खाली आली.

लहान आणि जलद नेहमीच बरं असं नाही

या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी मुद्दा इथे आहे. ५०० × १२ मध्ये किडनी जास्त सरकते, पण बाहेर येणाऱ्या ३.३३ सेकंदांपैकी दीड सेकंदात छाती रिकामी होऊन पुढचे १.८ सेकंद ती जागच्या जागी असते. ३२० × २२ मध्ये सरकणं कमी, पण पूर्ण स्थिर असा काळ फक्त ०.३ सेकंद. म्हणजे एका पद्धतीत मोठी झेप आणि मग विसावा, दुसरीत छोटा पण न थांबणारा झुला.

पायडल दाबून खड्याच्या पृष्ठभागावर फायबर फिरवत राहायचं असेल, म्हणजे डस्टिंग करायचं असेल, तर झुला परवडतो. एखादा तुकडा बास्केटमध्ये (तारेच्या जाळीत) पकडायचा असेल, किंवा ०.८ ते १ जूल आणि ८ ते १० हर्ट्झवर नेमक्या जागी घाव घालून तुकडे करायचे असतील, तर विसावा हवा. तेव्हा उलट जायचं: रेट १०, आयई १:३, आणि सर्जनने श्वास सुटल्यावरच पायडल दाबायचं. ताल त्याला कळावा म्हणून कॅप्नोग्राफचा पडदा त्याच्या नजरेत येईल असा वळवून ठेवला तरी पुष्कळ होतं. बहुतेक टेबलांवर हे दोन पडदे एकमेकांकडे पाठ करून उभे असतात.

पीसीएनएलमध्ये (पाठीतून थेट किडनीत शिरून खडा काढण्याच्या शस्त्रक्रियेत) तर सुईसाठी विसावाच लागतो. बाराव्या बरगडीच्या वरून टोचताना पाठीची भिंत श्वास पूर्ण सुटलेला असताना ओलांडतात, कारण तेव्हा फुफ्फुस आणि प्लुरा वर असतात. किडनीत शिरताना श्वास आत धरून ती खाली आणून घेतात. दोन टप्पे, दोन वेगळे "होल्ड".

थोडा वेळ श्वास थांबवणं

शेवटी दोन मिमीचे दोन तुकडे खालच्या कॅलिक्सच्या कोपऱ्यात राहिले. ते बास्केटने उचलायचे होते. आधी तीन मिनिटं १०० टक्के ऑक्सिजन. मग मशीन मॅन्युअलवर, एपीएल व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) ५ वर, ऑक्सिजन चालू, पिशवीला हात नाही. भूलतज्ज्ञाने मोठ्याने सांगितलं, "थांबवला," आणि टेक्निशियनने दर १५ सेकंदांनी वेळ पुकारली. ७० सेकंदांत दोन्ही तुकडे हाती लागले. "सुरू केला" हेही मोठ्याने.

श्वास थांबल्यावर कार्बन डायऑक्साइड पहिल्या मिनिटात साधारण ८ ते १२ ने चढतो आणि पुढे दर मिनिटाला ३ ते ४ ने. ऑक्सिजन भरून घेतलेला असेल तर निरोगी माणसात दोन मिनिटं सहज निभतात. थांबायची सीमा आधी ठरवून घ्यायची: इथे ९० सेकंद किंवा एसपीओटू ९४, जे आधी येईल ते. यातला खरा धोका ऑक्सिजनचा नसतो. मशीन मॅन्युअलवर राहून जातं आणि तुकडा निघाल्याच्या आनंदात सगळे पडद्याकडे पाहत असतात, धोका तो असतो. वेळ पुकारणारा माणूस त्यासाठीच हवा. आणि अ‍ॅप्नियाचा अलार्म गप्प केला असेल, तर सुरू करताना तोही परत चालू करायचा.

दर मिनिटाला शंभरापेक्षा जास्त झुळका देणारं जेट व्हेंटिलेशन हा तिसरा मार्ग आहे. १९८० मध्ये म्युनिकमध्ये शॉकवेव्हने खडे फोडणं सुरू झालं, त्यानंतरच्या दशकात ते या कामासाठी वापरलं गेलं. हालचाल जवळपास नाहीशी होते. पण सेव्होफ्लुरेन भरवशाने देता येत नाही, सगळी भूल शिरेतून द्यावी लागते, ईटीसीओटू वाचता येत नाही, आणि बहुतेक ठिकाणी मशीनच नसतं.

कोणात करू नये

फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलेला, हृदयाची उजवी बाजू थकलेली, मेंदूतला दाब वाढलेला, गरोदर बाई: यांच्यात कार्बन डायऑक्साइड चढू देणारी सेटिंग नको. खूप लठ्ठ माणसात लहान श्वासाने फुफ्फुस लवकर बसतं. किडनीचा रस्ता खड्याने अडून क्रिएटिनिन वाढलेल्या रुग्णात पोटॅशियम आधी पाहायचं. श्वासामुळे आलेल्या अ‍ॅसिडोसिसने ते थोडंच वाढतं, पण आधीच ५.६ असेल तर ते थोडंही नको.

स्पायनलखाली (पाठीत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करून) आरआयआरएस पुष्कळ ठिकाणी होते आणि चांगली होते. फक्त तिथे श्वास रुग्णाचा असतो, आणि खोकलाही. सर्दी असलेल्या, विडी ओढणाऱ्या माणसाला स्पायनल देऊन खालच्या कॅलिक्समध्ये लेझर चालवणं हा सौदा महागात पडतो.

शेवट

स्कोप आणि शीथ बाहेर आल्यावर, त्याआधी नाही, ३० सेंमी पाण्यावर १५ सेकंदांचं रिक्रूटमेंट (बसलेलं फुफ्फुस उघडण्यासाठी धरलेला दाब) दिलं. रक्तदाब क्षणभर १०४ वर आला आणि परतला. व्हेंटिलेटर ५०० × १२ वर. डीजे स्टेंट बसवेपर्यंत आठ-दहा मिनिटं गेली, तेवढ्यात ईटीसीओटू ३७ झाला. टीओएफचे (नर्व्ह स्टिम्युलेटरच्या चार झटक्यांच्या तपासणीचे) चारही ठोके आल्यावर शिथिलता उतरवायला निओस्टिग्मिन २.५ मिग्रॅ आणि सोबत ग्लायकोपायरोलेट ०.५ मिग्रॅ, चौथ्या ठोक्याचं पहिल्याशी गुणोत्तर ०.९ च्या वर गेल्यावर ट्यूब काढली. कार्बन डायऑक्साइड चढलेला असताना ट्यूब काढायची घाई केली तर रुग्ण पेंगुळलेला राहतो, आणि फेंटानिल जास्त झालं असं वाटून त्याचा उतारा, नालोक्झोन, शोधायची वेळ येते.

भूलीच्या कागदावर लेझरच्या काळातली सेटिंग वेगळ्या ओळीत लिहिली: टायडल व्हॉल्यूम, रेट, पीप, फिल्टर बदलल्याची वेळ, श्वास थांबवल्याचे सेकंद. दुसऱ्या बाजूच्या किडनीतही ६ मिमीचा खडा आहे. तो काढायची वेळ येईल तेव्हा हीच ओळ आधी उघडायची.